निवाडा आणि वाचक : अमेरिकन चित्रकथेतील दंडधारी नायकाचे स्वागत

साहित्यकृती आधी पूर्ण होते आणि वाचक नंतर तिच्यापाशी येतो, असे गृहीत धरूनच वाचकाच्या प्रतिसादाचा विचार बहुधा केला जातो. आस्वाद, ग्रहण, अभिप्राय या साऱ्या संज्ञांमध्ये हा क्रम अध्याहृत आहे. हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला मात्र तो लागू पडत नाही. तेथे कथा अर्धी सांगून झालेली असताना वाचकाचा अभिप्राय येऊन पोहोचतो आणि उरलेल्या कथेत तो मिसळून जाण्याची शक्यता असते. अमेरिकेतील मासिक चित्रकथा, म्हणजे सामान्यतः 'कॉमिक' या नावाने ओळखला जाणारा प्रकार, हे या शक्यतेचे ठळक उदाहरण होय. या प्रकारात एखादा नवा दंडधारी नायक प्रथम अवतरतो, तेव्हा वाचकाचे मत केवळ आवडीनिवडीचे राहत नाही. कोणाला शिक्षा व्हावी आणि ती कोणी द्यावी, या प्रश्नावरचे ते मत असते.

प्रस्तुत लेखात अशा दोन प्रसंगांचा विचार केला आहे. पहिला १९७४ सालचा : 'पनिशर' या पात्राचा प्रवेश. दुसरा १९८८ सालचा : बॅटमॅनचा सहकारी जेसन टॉड याच्या जीवनमरणाचा वाचकांनी दूरध्वनीवरून केलेला निर्णय, आणि पुढे त्याच पात्राचे दंडधारी म्हणून झालेले पुनरागमन. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात वाचकमताचे स्वरूप पालटले. मराठीत 'मत' हा एकच शब्द अभिप्रायासाठीही वापरला जातो आणि निवडणुकीत दिल्या जाणाऱ्या कौलासाठीही. हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे या इतिहासात स्पष्ट दिसते.

१. संज्ञा आणि पार्श्वभूमी

'दंडधारी' ही संज्ञा येथे एका मर्यादित अर्थाने योजली आहे. भारतीय दंडनीतीत दंड हा राजाच्या अधिकारातील आहे. तो अपराधाच्या प्रमाणात आणि विचारपूर्वक द्यावयाचा असतो. ज्याला असा अधिकार कोणी दिलेला नाही, परंतु जो स्वतःच तो हाती घेतो, तो स्वयंनियुक्त दंडधारी. या अर्थाने पाहता १९३९ साली अवतरलेला बॅटमॅन किंवा १९६२ साली अवतरलेला स्पायडर-मॅन हेही दंडधारीच ठरतात. मात्र एक मर्यादा ते पाळतात. गुन्हेगाराला पकडून ते त्याला कायद्याच्या स्वाधीन करतात. त्याचा जीव घेत नाहीत. निवाडा अखेरीस न्यायालयाचाच राहतो.

ही मर्यादा केवळ लेखकांच्या विवेकातून आलेली नव्हती. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या 'कॉमिक्स कोड' या संहितेनुसार सत्प्रवृत्तीचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा या गोष्टी अनिवार्य होत्या. तसेच पोलीस, न्यायाधीश, शासकीय अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे चित्रण निषिद्ध होते. १९७१ साली ही संहिता शिथिल करण्यात आली. त्याच सुमारास अमेरिकन लोकप्रिय साहित्यात आणि चित्रपटात कायद्याला बाजूस सारणारा सूडनायक लोकप्रिय होऊ लागला होता. डॉन पेंडलटन यांच्या 'एक्झिक्यूशनर' कादंबरीमालेचा प्रारंभ १९६९ चा, 'डर्टी हॅरी' हा चित्रपट १९७१ चा, ब्रायन गारफील्ड यांची 'डेथ विश' ही कादंबरी १९७२ ची. व्हिएतनामचे युद्ध, शहरांतील वाढती गुन्हेगारी आणि शासनसंस्थेवरील ढळलेला विश्वास ही त्यामागची परिस्थिती होती.

वाचकपत्रांचे पान हे या मासिकांचे एक महत्त्वाचे अंग होते. 'फँटॅस्टिक फोर' या मालिकेत ते १९६२ मधील तिसऱ्या अंकापासूनच सुरू झाले. साठीच्या दशकाच्या प्रारंभी डीसी या प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांनी पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्याची प्रथा पाडली. त्यामुळे वाचक परस्परांशी पत्रव्यवहार करू लागले. त्यांतूनच हौशी नियतकालिके आणि संमेलने उभी राहिली. स्टॅन्ली फिश यांनी १९८० साली ज्याला अर्थनिर्णयन करणारा समुदाय म्हटले, तो येथे टपालाच्या पत्त्यांमधून आकाराला आला. 'पनिशर'चा आणि जेसन टॉडचा जनक गेरी कॉनवे हा स्वतः या समुदायातूनच पुढे आला. 'फँटॅस्टिक फोर'च्या १९६६ मधील पन्नासाव्या अंकात त्याचे वाचकपत्र छापले गेले, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. त्यानंतर काही वर्षांतच तो 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' या मालिकेचा लेखक झाला. पत्र लिहिणारा वाचक आणि कथा लिहिणारा लेखक यांच्यामधली भिंत या प्रकारात किती पातळ होती, याची यावरून कल्पना येते.

२. १९७४ : पुरावा वाचकाजवळ

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा १२९ वा अंक फेब्रुवारी १९७४ या दिनांकाचा आहे. लेखन कॉनवे यांचे, रेखाटन रॉस अँड्रू यांचे. नव्या पात्राच्या वेषाला अंतिम रूप जॉन रोमिटा यांनी दिले. कॉनवे यांच्या मूळ कच्च्या चित्रात छातीच्या एका बाजूस लहानशी कवटी होती. रोमिटा यांनी ती सबंध छातीपोटावर पसरवली. 'पनिशर', म्हणजे शिक्षा देणारा, हे नाव स्टॅन ली यांनी सुचवले. नावातच कर्तव्य सांगणारे हे पात्र मुळात नायक म्हणून आलेले नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. या अंकात तो स्पायडर-मॅनचा वध करण्यासाठी निघालेला प्रतिपक्षी आहे.

त्याला हे काम का करावेसे वाटते, हे समजण्यासाठी आदल्या वर्षाकडे पाहावे लागते. १९७३ मधील १२१ व्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली आणि पुढच्याच अंकात तिचा मारेकरी नॉर्मन ऑसबॉर्न स्वतःच्याच यानाच्या आघाताने मरण पावला. ग्वेनच्या मृत्यूने वाचक प्रक्षुब्ध झाले. कॉनवे यांना दीर्घकाळ त्यांचा रोष सहन करावा लागला. कथेतील जगात मात्र ऑसबॉर्नच्या मृत्यूचा ठपका स्पायडर-मॅनवर आला. 'जॅकल' नावाचा खलपुरुष याचाच लाभ घेतो आणि पनिशरला नायकाविरुद्ध उभा करतो.

या रचनेतील मर्म असे की, १२२ वा अंक वाचलेल्या प्रत्येकाला आरोपी निर्दोष आहे हे ठाऊक आहे. पुरावा वाचकाजवळ आहे. दंड देऊ पाहणाऱ्याजवळ तो नाही. पनिशर प्रामाणिक आहे, शूर आहे, पाठीमागून वार करणे त्याला हीन वाटते. आणि तरीही तो चुकतो आहे. चूक त्याच्या सद्हेतूत नसून चौकशीवाचून निवाडा करण्याच्या पद्धतीत आहे. अंकाच्या अखेरीस आपण फसवले गेलो हे त्यालाही उमगते. वोल्फगांग इझर यांनी ज्याला संहितेत अभिप्रेत असलेला वाचक म्हटले आहे, त्याचे स्थान येथे निश्चित आहे : तो दंडधाऱ्यापेक्षा अधिक जाणतो, म्हणून त्याच्याविषयी सहानुभूती बाळगूनही त्याच्या न्यायावर विश्वास ठेवू शकत नाही.

प्रत्यक्ष वाचकांनी मात्र या पात्राला उचलून धरले. एकाच अंकापुरता योजलेला हा प्रतिपक्षी त्याच वर्षी १३४ व १३५ या अंकांत परतला. १९७५ मध्ये 'मार्व्हल प्रिव्ह्यू' या कृष्णधवल मासिकाच्या दुसऱ्या अंकात त्याची पूर्वकथा आली : युद्धावरून परतलेला सैनिक, उद्यानात सहलीला गेलेले कुटुंब, गुंडटोळीने केलेली त्या कुटुंबाची हत्या. या पूर्वकथेने पात्राला करुणेचे अधिष्ठान मिळाले आणि वाचकाच्या सहानुभूतीला कारणही.

वाचकाचे हे स्वागत संहितेच्या विरोधात गेले, असे सरसकट म्हणता येणार नाही. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, १९७४ च्या वाचकाचे अपेक्षाक्षितिज दोन परस्परविरोधी रेषांनी बनलेले होते. चित्रकथेच्या संकेतानुसार नायक जीव घेत नाही, ही एक. आणि समकालीन कादंबरी-चित्रपटांनी रुजवलेली सूडनायकाची ओढ ही दुसरी. पनिशर या दोन्ही रेषा छेदणाऱ्या बिंदूवर उभा होता. तो स्पायडर-मॅनच्या मालिकेत पाहुणा होता, तोवर त्याच्या कृतीला विरोध करणारा नायक शेजारीच असे. वाद कथेतच होता आणि वाचकपत्रांच्या पानाला तो पुढे चालवता येत होता.

३. शंकेचा लोप

१९८६ साली स्टीव्हन ग्रँट आणि माइक झेक यांनी पनिशरवर पाच अंकांची स्वतंत्र मालिका केली; १९८७ पासून माइक बॅरन आणि क्लाउस जॅन्सन यांची नियमित मालिका सुरू झाली. १९८८ आणि १९९२ मध्ये आणखी दोन मालिकांची भर पडली. या तिन्ही नियमित मालिका १९९५ मध्ये बंद झाल्या. दरम्यान, डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ याने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. दंडधाऱ्याचा प्रश्न कागदापुरता राहिलेला नव्हता.

स्वतंत्र मालिकेत पात्राच्या लोकप्रियतेइतकाच त्याच्या कथनाच्या रचनेतही बदल झाला. पाहुण्याला यजमानाची जागा मिळाल्यावर त्याला विरोध करणारा नायक नेहमी शेजारी राहू शकत नाही. शिवाय ज्याला मारावयाचे त्याचे अपराध बहुधा आधीच्या पानांवर वाचकाला प्रत्यक्ष दाखवले जातात. परिणामी वाचक आणि दंडधारी यांच्या ज्ञानात अंतर उरत नाही. १९७४ च्या अंकात वाचकाला दंडधाऱ्याविषयी शंका घेण्याचे कारण होते; आता कथनानेच ते कारण काढून घेतले. आरोपी दोषी आहे हे जेथे रचनेनेच ठरलेले असते, तेथे चौकशीची मागणी हा केवळ विलंब वाटू लागतो.

याच काळात वाचकमत मोजण्याचे साधनही बदलत होते. वृत्तपत्रांच्या दुकानांतून उरलेले अंक प्रकाशकाकडे परत जात. सत्तरीच्या दशकापासून वाढत गेलेल्या खास चित्रकथांच्या दुकानांना अंक परत करता येत नसत. म्हणून ती दुकाने आगाऊ आणि अंदाज बांधून मागणी नोंदवीत. प्रकाशकाला वाचकाची पसंती त्यामुळे आकड्याच्या रूपाने अधिक स्पष्ट कळू लागली. पत्रात 'हे पात्र मला आवडते, परंतु त्याचे वागणे पटत नाही' असे लिहिता येते. खपाच्या आकड्यात 'परंतु' मावत नाही.

४. दोन चौकटींमधील जागा

वाचक दंडात सहभागी कसा होतो, हे समजून घेण्यासाठी चित्रकथेच्या माध्यमाचा एक विशेष ध्यानी घ्यावा लागतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या ग्रंथात दाखवून दिले आहे की, चित्रकथेतील कृती चौकटींमध्ये जितकी घडते तितकीच दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत घडते. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस आहे. पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी आहे. घाव कोठेही काढलेला नाही. तो कधी, कोठे आणि किती जोराने बसला, हे वाचकानेच ठरवलेले असते; म्हणजे त्या हत्येत त्याचाही हात असतो. इझर यांनी कादंबरीच्या संदर्भात ज्या रिक्त जागांची चर्चा केली, त्या येथे डोळ्यांना दिसतात.

'बॅटमॅन' मालिकेचा १९८८ मधील ४२४ वा अंक या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. लेखक जिम स्टारलिन. बॅटमॅनचा सहकारी रॉबिन या वेळी जेसन टॉड आहे. हे पात्र कॉनवे यांनीच १९८३ मध्ये डॉन न्यूटन यांच्यासह आणले होते. तेव्हा तो पहिला रॉबिन डिक ग्रेसन याच्यासारखाच सर्कशीतील मुलगा होता. १९८७ मध्ये मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी त्याची पूर्वकथा बदलली आणि बॅटमॅनच्या मोटारीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोरका मुलगा असे त्याला नवे रूप दिले. ४२४ व्या अंकात फेलिपे गार्झोनास नावाचा राजदूतपुत्र एका स्त्रीचा छळ करतो. राजनैतिक संरक्षणामुळे कायदा त्याला हात लावू शकत नाही. त्याच्या धमकीने खचून ती स्त्री आत्महत्या करते. संतापलेला जेसन एकटाच फेलिपेच्या निवासस्थानी जातो. त्यानंतर दिसतो तो उंच इमारतीवरून कोसळणारा फेलिपे आणि सज्जात उभा असलेला जेसन. बॅटमॅन उशिरा पोहोचतो. फेलिपे घाबरून घसरला, असे जेसन सांगतो. त्याने त्याला ढकलले की काय, हे कोणत्याही चौकटीत काढलेले नाही.

हा दंड होता की अपघात, याचे उत्तर दोन चौकटींमधील जागेत आहे, आणि ती जागा वाचकाच्या स्वाधीन आहे. १९७४ मध्ये वाचकाजवळ पुरावा होता आणि दंडधाऱ्याजवळ नव्हता. येथे वाचकाजवळही पुरावा नाही.

५. १९८८ : कौल

जेसनविषयी नापसंती व्यक्त करणारी पत्रे डीसीकडे येत होती. संपादक डेनिस ओनील यांच्यापुढे दोन मार्ग होते : त्याचा स्वभाव पालटणे किंवा त्याला मालिकेतून काढून टाकणे. त्यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. १९८२ साली दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात एडी मर्फी याने एक शेवंड शिजवावा की वाचवावा, यावर प्रेक्षकांचे कौल दूरध्वनीवरून मागवले होते. त्यावरून ही कल्पना सुचल्याचे ओनील यांनी सांगितले आहे. 'अ डेथ इन द फॅमिली' या कथानकाच्या ४२७ व्या अंकात जोकर हा खलपुरुष जेसनला पहारेने मारहाण करतो आणि तो ज्या गोदामात अडकला आहे त्याचा स्फोट होतो. त्यानंतर दूरध्वनीचे दोन क्रमांक छापले होते : एक जेसन जगावा असे वाटणाऱ्यांसाठी, दुसरा तो मरावा असे वाटणाऱ्यांसाठी. एका दूरध्वनीची किंमत ५० सेंट. १५ व १६ सप्टेंबर १९८८ रोजी मिळून सुमारे दीड दिवस हे क्रमांक खुले होते. जिम अपारो यांनी पुढील अंकासाठी दोन्ही शक्यतांची चित्रे तयार केली होती.

एकूण १०,६१४ कौल आले. मरणाच्या बाजूने ५,३४३, जगण्याच्या बाजूने ५,२७१. अंतर अवघे ७२ चे. एका व्यक्तीने संगणकाच्या साहाय्याने मरणाच्या बाजूचा क्रमांक वारंवार फिरवला, असे पुढे आपल्या कानावर आल्याचे ओनील सांगत. परंतु ही ऐकीव गोष्ट कधी सिद्ध झाली नाही. कौल एका माणसाला एक असा नव्हता, तर एका दूरध्वनीला एक असा होता, एवढे मात्र निश्चित.

या निकालाला 'वाचकांचे मत' म्हणताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली गोष्ट, हे मत कोऱ्या पाटीवर उमटलेले नव्हते. बॅटमॅनच्या सोबतीला एखादा मुलगा असणे स्टारलिन यांना मुळातच रुचत नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. जेसनचा उद्धटपणा, ४२४ व्या अंकातील संशय हे त्यांच्याच लेखणीतून उतरले होते. म्हणजे ज्याने आरोपपत्र लिहिले त्यानेच खटला वाचकांपुढे ठेवला. आरोपीच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

दुसरी गोष्ट, मत देणारा समुदाय आणि निकालाने दुखावलेला समुदाय हे दोन भिन्न होते. वृत्तपत्रांतून बातमी झळकली तेव्हा सर्वसामान्य लोकांना वाटले की, १९४० पासूनचा, आपल्या बालपणीचा रॉबिन मारला गेला. डिक ग्रेसनने १९८४ मध्येच ते नाव सोडून 'नाइटविंग' हे नाव घेतले होते, हे नियमित वाचकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नव्हते. अनेक लोकांच्या दृष्टीने रॉबिन हे कथेतील पात्र नसून सामायिक स्मृती होती, आणि त्या स्मृतीविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्र लिहिणाऱ्याला कारण द्यावे लागते. ते कारण दुर्बळ असेल, अन्याय्य असेल, पण ते छापले जाते आणि पुढील अंकांत दुसरा वाचक त्याचे खंडन करू शकतो. दूरध्वनीवरील कौलाला कारण लागत नाही. तेथे प्रतिवादाला जागाच नाही. चौकशीवाचून, कारणांवाचून आणि पुराव्यावाचून प्राणदंडाचा निर्णय घेणे हेच तर दंडधाऱ्याचे लक्षण सांगितले जाते. जेसनने फेलिपेला मारले असेल, अशा संशयावरूनही ज्यांनी जेसनच्या मरणाचा क्रमांक फिरवला असेल, त्यांनी जेसनवर ठेवलेला आरोप त्याच क्षणी त्यांच्यावरही लागू झाला. १२९ व्या अंकातील पनिशरच्या जागी आता वाचक उभा होता : हेतू स्पष्ट, निर्धार पक्का, आणि हाती पुरावा नाही.

अर्थात काल्पनिक पात्राच्या मृत्यूला खऱ्या माणसाच्या मृत्यूचे परिमाण लावता येत नाही. अनेकांनी हा केवळ खेळ म्हणून घेतला असेल. तरीही पाच हजारांहून अधिक कौल त्या मुलाला वाचवण्यासाठी आले होते, हेही विसरता येत नाही. कारणे विचारली असती, तर त्या दोन्ही गटांच्या मनात काय होते ते आज अभ्यासकांना उपलब्ध झाले असते. उरले आहेत ते दोन आकडे.

६. संहितेची उत्तरे

या कौलाला पुढील कथांनी दिलेली उत्तरे मननीय आहेत. १९८९ मध्ये मार्व्ह वुल्फमन यांनी टिम ड्रेक हा नवा मुलगा आणला. त्याला बॅटमॅनने निवडलेले नाही. त्याने दुरून निरीक्षण करून, लहानपणी सर्कशीत पाहिलेल्या कसरतीची आठवण जुळवून नायकांची खरी ओळख शोधून काढलेली आहे. आणि बॅटमॅनला रॉबिनची आवश्यकता का आहे, हे तो युक्तिवाद करून पटवून देतो. टिम ड्रेक हा खरे तर कथेत शिरलेला पत्रलेखक वाचक आहे. कौलाने रिकामी केलेली जागा कारणे देणाऱ्या वाचकाने भरली, असे म्हणता येईल.

दुसरे उत्तर ओनील यांनी हेतुपूर्वक योजले. मारून टाकणारा, निर्दय बॅटमॅन वाचकांना खरोखर हवा आहे का, हा प्रश्न 'नाइटफॉल' या दीर्घ कथानकामागे असल्याचे त्यांनी सांगितले आहे. १९९२ मध्ये अवतरलेला 'अझराएल' म्हणजे जाँ-पॉल व्हॅली हा १९९३ मध्ये, मूळ नायक जायबंदी झाल्यावर, बॅटमॅनचा वेष धारण करतो. क्रमाक्रमाने तो वेष चिलखत होत जातो, हातांना नख्या येतात. अखेर तो एका खुन्याला डोळ्यांदेखत मरू देतो. आणि त्या खुन्याने डांबून ठेवलेला निरपराध माणूस, ठिकाण सांगणारे कोणी न उरल्याने, प्राणास मुकतो. १९९४ मध्ये मूळ नायक परत येतो. या वेळी वाचकांना क्रमांक फिरवावयाचा नव्हता. महिनोन्‌महिने परिणाम वाचत जाऊन मत बनवावयाचे होते.

तिसरे उत्तर सतरा वर्षांनी आले. २००५ मध्ये जड विनिक यांच्या 'अंडर द हूड' या कथानकात 'रेड हूड' नावाचा नवा दंडधारी शहरात येतो. तो गुन्हेगारांवर ताबा मिळवतो आणि त्यांना ठारही करतो. त्याच्या मुखवट्यामागे जेसन टॉड आहे. बॅटमॅनने आपल्याला वाचवले नाही, ही त्याची तक्रार नाही. आपला मारेकरी अजून जिवंत कसा, हा त्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न तो आपल्या पालकाला विचारतो. परंतु ज्यांनी १९८८ मध्ये जोकरच्या हातून त्याचा मृत्यू निवडला, त्या वाचकांनाही तो टाळता येत नाही. कौलाने दंडित केलेल्या मुलातूनच मालिकेने आपला सर्वांत कठोर दंडधारी घडवला. एका परीने हे वाचकमत रद्द करणेही होते. कारण ७२ कौलांनी ठरवलेले मरण लेखकाने एका कथानकाने पुसून टाकले. डिसेंबर २०२३ मध्ये तर डीसीने जेसन वाचल्याचे दाखवणारा ४२८ वा अंकही प्रसिद्ध केला.

पनिशरच्या बाबतीत निराळे घडले. त्याची कवटी पुस्तकाबाहेर पडली. इराक युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या वाहनांवर आणि पुढे अमेरिकेतील काही पोलिसांच्या गाड्यांवर ती दिसू लागली. कॉनवे यांनी याला जाहीर विरोध केला. कायदा अपुरा पडल्याचे लक्षण असलेले पात्र कायद्याच्या रक्षकांनी आदर्श मानावे, ही त्यांना घोर विसंगती वाटली. २०१९ मधील एका अंकात पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरील आपले चिन्ह फाडून टाकतो, आणि २०२२ च्या नव्या मालिकेत चिन्हाचे रूपच बदलण्यात आले. संहिता वाचकाशी वाद घालत होती, परंतु हा वाचक बहुधा अंक वाचणारा नव्हता. त्याच्यापर्यंत चिन्ह पोहोचले होते; १२९ व्या अंकातील शंका पोहोचली नव्हती.

७. समारोप

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. दंडधारी नायकाच्या कथेत वाचकाचे स्थान साक्षीदाराचे असू शकते, ज्यूरीचे असू शकते किंवा मारेकऱ्याचेही असू शकते. त्यांपैकी कोणते स्थान त्याला मिळेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : संहिता त्याला दंडधाऱ्याहून अधिक जाणू देते की नाही, आणि त्याचे मत कोणत्या साधनाने मागितले जाते. पत्र त्याला कारण देण्यास भाग पाडते, कौल त्यातून सूट देतो आणि खपाचा आकडा कारणाची विचारपूसच करत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील झुंजार किंवा काळा पहाड हे कायद्याच्या कडेवर वावरणारे नायक मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी आपलेसे केले. १९६४ पासून १९९० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ली फॉक यांचा मुखवटाधारी फँटम मराठीतही आणला. फँटमच्या कथा येथे तयार स्वरूपात येत असल्यामुळे वाचकाला त्यांची दिशा बदलण्याची संधी नव्हती. अर्नाळकरांचा वाचक मात्र पुढच्या पुस्तकाची वाट पाहणारा, म्हणजे मालिकेचा वाचक होता. त्याने या नायकांचा न्याय का मान्य केला, कोठे त्याला खटकले, याचा शोध घेण्यासाठी संहितांइतकीच त्या काळच्या नियतकालिकांतील वाचकपत्रांची पाने उपयोगी पडतील.

ही सामग्री निर्दोष नसते. कोणते पत्र छापावे हे संपादक ठरवतो. न लिहिणारा बहुसंख्य वाचक तिच्यात दिसत नाही. असे असूनही ती जपण्याची निकड आहे, कारण तीच प्रथम नाहीशी होते. अमेरिकन चित्रकथांच्या पुस्तकरूप संग्रहांतून वाचकपत्रांची पाने सामान्यतः वगळली जातात. नियतकालिके बांधून घेताना जाहिराती आणि पत्रे यांची पाने काढून टाकण्याचा मोह ग्रंथालयांनाही होतो. कथा उरते आणि तिच्याशी घातलेला वाद हरवतो. मग पुढच्या अभ्यासकाच्या हाती राहतात ते केवळ आकडे, आणि ५,३४३ या आकड्याला त्याचे कारण विचारता येत नाही.